परमुलखातील नोकरदार : ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’च्या निमित्ताने

स्वातंत्र्यलढ्यावरील कादंबरी हाती घेताना वाचकाच्या मनात एक पट आधीच मांडलेला असतो. त्यात एक हुतात्मा असतो, एक फितूर असतो, एक उद्दाम परकीय अधिकारी असतो, आणि शेवटच्या प्रकरणात नवे निशाण वर चढते. न्गुगी वा थिओंगो ह्यांच्या ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’ (१९६७) ह्या कादंबरीत ही सर्व सामग्री आहे. केनियाच्या स्वातंत्र्याची ती कथा आहे. तीत हुतात्मा आहे, फितूर आहे, गोरा अधिकारी आहे आणि निशाणही आहे. परंतु पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या हाती लागते ते निराळेच काही. हुतात्म्याविषयीचा आदर उरतो, पण मनात घर करून राहतात ते हुतात्मा न झालेले लोक. ह्या लोकांत दोन नोकरदार आहेत : एक दूर देशाहून राज्य करण्यासाठी बदलून आलेला अधिकारी, आणि दुसरा त्याच्या कचेरीतला स्थानिक कारकून. घरापासून दूर, परप्रांतात सरकारी नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्या मराठी वाचकांनी ही कादंबरी वाचावी, असे म्हणण्याचे पहिले कारण हे दोन नोकरदार होत.

कादंबरीचा विचार करण्यापूर्वी तिच्यामागील इतिहासाचे थोडे स्मरण आवश्यक आहे. इंग्रजांनी १८९५ मध्ये पूर्व आफ्रिकेवर आपले संरक्षण जाहीर केले आणि १९२० मध्ये केनिया ही रीतसर वसाहत झाली. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ ह्या काळात बांधला गेला. तो बांधणारे सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेलेले होते आणि त्यांतील सुमारे २,५०० तेथेच मृत्यू पावले. लोहमार्गाच्या पाठोपाठ गोरे शेतमालक आले. थंड हवेचे, कसदार मातीचे उंच पठार त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आले, आणि त्या मातीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेले गिकुयू लोक आपल्याच जमिनीवर मजूर झाले. केनियाच्या लढ्याचे मूळ ह्या मातीत आहे. जगाने त्याला ‘माऊ माऊ’ म्हटले. लढणाऱ्यांनी स्वतःला भूमी आणि स्वातंत्र्य ह्यांचे सैनिक मानले. २० ऑक्टोबर १९५२ रोजी गव्हर्नर बेअरिंग ह्यांनी आणीबाणी पुकारली आणि जोमो केन्याटा ह्यांना अटक झाली. कापेनगुरिया येथील खटल्यात एप्रिल १९५३ मध्ये त्यांना सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. रानात लढणाऱ्यांपैकी डेडन किमाथी ह्यांना १८ फेब्रुवारी १९५७ रोजी फाशी देण्यात आले. ३ मार्च १९५९ रोजी होला येथील छावणीत अकरा स्थानबद्धांना बडवून ठार करण्यात आले. त्यानंतर साम्राज्याची नैतिक भाषा लंडनच्या पार्लमेंटातही कोणाला सहज बोलवेना. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. ब्रिटिश सरकारने त्या काळातील छळाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला तो जून २०१३ मध्ये, आणि ५,२२८ वृद्ध फिर्यादींना भरपाई देऊ केली. एका पिढीचे दुःख दप्तरात नोंदले जायला साठ वर्षे लागली.

न्गुगींची कादंबरी ह्या इतिहासातील केवळ अखेरचे काही दिवस निवडते. थबाई नावाच्या गावात स्वातंत्र्यदिनाची तयारी चालू आहे. गावचा तरुण किहिका रानात गेला, त्याने एका जुलमी अधिकाऱ्याला मारले, तो पकडला गेला आणि भर जनसमूहासमोर त्याला झाडाला लटकविण्यात आले. त्याच्या स्मरणार्थ सभा भरणार आहे आणि तीत मुगो नावाच्या एका एकलकोंड्या माणसाने बोलावे, अशी गावाची इच्छा आहे. मुगोने एका स्त्रीला होणारी मारहाण थांबवू पाहिली, म्हणून त्याला छावणीत धाडले गेले. तेथे अनन्वित मार खाऊनही त्याने शपथेची कबुली दिली नाही. गाव त्याला वीर मानते. वस्तुतः त्याने कबुली दिली नाही, कारण त्याने शपथच घेतलेली नव्हती. आणि एका रात्री त्याच्या झोपडीत आसऱ्याला आलेल्या किहिकाला इंग्रजांच्या स्वाधीन करणारा तोच होता. गाव जितक्या आग्रहाने त्याच्या गळ्यात हार घालू पाहते, तितका तो आतून कोसळत जातो. अखेर स्वातंत्र्याच्या दिवशी, सर्वांसमक्ष, तो आपले कृत्य स्वमुखाने सांगतो.

ह्या कथानकातून रहस्यकथा सहज निर्माण झाली असती. न्गुगींनी तो मोह टाळला आहे. ‘फितूर कोण?’ हा प्रश्न त्यांनी विचारला खरा, परंतु त्याचे उत्तर जवळ येऊ लागते तसतसा वाचकाला त्या प्रश्नाचाच संकोच वाटू लागतो. सुतार गिकोन्यो स्थानबद्धांत पहिल्याने कबुली देऊन मोकळा झाला, तो पत्नी मुंबीच्या ओढीने. मुंबीने वर्षानुवर्षे वाट पाहिली, आणि नवरा सुटून येत असल्याची वार्ता ऐकल्याच्या क्षणी, त्या आनंदाच्या भरात, तिचा तोल गेला. लढणारा ‘जनरल आर.’ देखील स्वतःशी पूर्ण निष्कलंक नाही. एका व्यक्तीची आठवण दुसऱ्या व्यक्तीच्या आठवणीत शिरते, काळ पुढे-मागे हेलकावतो, आणि प्रत्येक जण कोणा ना कोणाजवळ मन मोकळे करतो. ही कबुलीजबाबांची साखळी हीच कादंबरीची खरी रचना होय. लोकशाहीचा दिवस उजाडण्यापूर्वी प्रत्येकाने आपला हिशेब मांडावा, हे तिचे आंतरिक सूत्र आहे. कालक्रमाची ही मोडतोड प्रथमवाचनी गोंधळात टाकते, हे मान्य करावे लागेल. पण तिला प्रयोगाची हौस म्हणता येणार नाही. ज्या समाजाला सात-आठ वर्षे एकमेकांशी मोकळेपणाने बोलताच आले नाही, त्याची स्मृती सरळ रेषेत कशी येईल?

आता त्या दोन नोकरदारांकडे वळू. करांजा हा किहिकाचा समवयस्क, मुंबीवर त्याचेही मन होते. आणीबाणीत त्याने सरकारची बाजू धरली, गृहरक्षक झाला. डोक्यावर पिशवी ओढून, केवळ डोळ्यांपुरत्या भोकांतून पाहात, रांगेत उभ्या केलेल्या आपल्याच गावकऱ्यांपैकी ‘हा होय, हा नव्हे’ असे मान हलवून सांगण्याचे काम त्याने केले. पुढे तो गावचा मुखिया झाला. स्वातंत्र्याच्या आदल्या आठवड्यात तो गिथिमा येथील सरकारी कृषिसंशोधन केंद्राच्या ग्रंथालयात नोकरी करतो : पुस्तकांवरील धूळ झटकणे, त्यांवर चिठ्ठ्या लिहून डकवणे, साहेबाचे निरोप पोचवणे. ह्या नोकरीचे वर्णन न्गुगींनी ज्या बारकाईने केले आहे, ते कचेरीत आयुष्य काढणाऱ्या वाचकाने मुद्दाम पाहावे. साहेबाने हाक मारली की शिपायांदेखत करांजाची छाती किंचित फुगते. साहेबाच्या घरी एक पेला कॉफी मिळाली की दिवस सार्थकी लागतो. गावभर ज्या दिवसाचा जयघोष चालला आहे, त्या दिवसाची त्याला धास्ती आहे. त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे : साहेब खरोखरच जाणार का? हे विचारण्यासाठी तो दिवसभर शब्द जुळवतो, आणि साहेब समोर येताच ते शब्द गिळतो.

लेखकाने करांजाला राक्षस केले नाही, येथे त्याची थोरवी आहे. करांजाने सत्तेचा क्रम पाहिला आणि जी बाजू वर आहे ती कायमची वर राहील असे गृहीत धरले. हे गृहीत धरणे हाच त्याचा अपराध. चिठ्ठी डकवणारा हात आणि पिशवीतून हलणारी मान ही एकाच माणसाची आहेत. पहिल्या कामातला निरुपद्रवी आज्ञाधारकपणाच दुसऱ्या कामात घातक ठरला. ‘आम्ही काय, हुकमाचे ताबेदार’ हे वाक्य आपल्याही कचेऱ्यांतून किती सहज उच्चारले जाते! त्या वाक्यात बहुधा नम्रता असते. परंतु विपरीत काळात तेच वाक्य माणसाला कोठे नेऊन उभे करते, ते करांजाच्या रूपाने कादंबरी दाखवते. आणि तरीही, किहिकाच्या घाताचा आळ करांजावर येऊ पाहतो तेव्हा मुगोची कबुलीच त्याला वाचवते. ह्या न्यायात केवढा तरी समंजसपणा आहे. एकाच्या हातून घडलेले पाप दुसऱ्याच्या अंगावर टाकून मिळणारे स्वातंत्र्य न्गुगींना नको आहे.

दुसरा नोकरदार जॉन थॉम्पसन. तरुणपणी तो एका ध्येयाने भारावला होता. साम्राज्य म्हणजे वंशभेदाच्या पलीकडे नेणारी एक नैतिक कल्पना, असे त्याला मनापासून वाटे. ‘प्रॉस्पेरो इन आफ्रिका’ नावाचा ग्रंथ लिहिण्याचा त्याचा संकल्प आहे आणि त्यासाठी तो टिपणे काढीत असतो. प्रॉस्पेरो हा शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधला, आपल्या विद्येच्या बळावर बेटाचा धनी झालेला जादूगार. हे नाव निवडताना थॉम्पसनला आपण काय कबूल करीत आहोत ह्याची जाणीव नसावी. प्रॉस्पेरोच्या बेटावर आधीपासून कोणीतरी राहात होते. नाटकात त्याच्या वाट्याला लाकडे वाहण्याचे काम आले. ध्येयवादाने आलेला हा अधिकारी रिरा छावणीचा प्रमुख होतो. तेथे त्याच्या कारकीर्दीत अकरा माणसे मरतात. होला येथील अकरा मृत्यूंची ही उघड छाया आहे. पार्लमेंटात प्रश्न विचारले जातात आणि मोठ्या भविष्याचा हा अधिकारी कृषिकेंद्रातील आडबाजूच्या खुर्चीवर येऊन पडतो. किहिकाला पकडून देण्यासाठी मुगो त्याच्याकडे येतो तेव्हा तो मुगोच्या तोंडावर थुंकतो. ज्याच्या फितुरीचा त्याला लाभ घ्यायचा आहे, त्याचाच तो असा तिरस्कार करतो. साम्राज्य आणि त्याचे सेवक ह्यांच्यातील नात्याचे इतके थोडक्यात केलेले चित्रण क्वचित आढळते.

तथापि, समीक्षकाने येथे थोडे थांबले पाहिजे. थॉम्पसनची टिपणे वाचताना लेखकाने हे पात्र युक्तिवादाच्या सोयीसाठी जरा अधिकच रेखीव कापले आहे, असे वाटल्यावाचून राहात नाही. मुगोच्या मनाच्या अंधारात लेखक जितका खोल उतरतो, तितका थॉम्पसनच्या मनात उतरत नाही. मुंबीविषयीही असेच म्हणता येईल. गिकुयू आख्यायिकेत मुंबी हे आदिमातेचे नाव आहे, आणि त्या नावाचे ओझे ह्या तरुण स्त्रीला अधूनमधून जड जाते. ती हाडामांसाची बाई राहावी की राष्ट्रमाता व्हावी, ह्याविषयी लेखकाचे मन द्विधा आहे. शेवटी गिकोन्यो लाकडाच्या आसनावर गर्भवती स्त्रीची आकृती कोरण्याचा संकल्प करतो. हा शेवट सुंदर आहे, पण थोडासा ठरवून आणलेला वाटतो. हे दोष सांगूनही कादंबरीचा अधिकार कमी होत नाही. ती लिहिली तेव्हा लेखक तिशीही उलटलेला नव्हता, आणि त्याच्या देशाचे स्वातंत्र्य अवघे तीन-चार वर्षांचे होते. इतक्या लवकर, इतक्या निर्भयपणे, स्वजनांचा हिशेब मांडणे सोपे नव्हते. गावकऱ्यांनी मिळून विकत घ्यायची ठरवलेली गोऱ्या मालकाची शेती, त्यांना कर्जाचे आश्वासन देणारा त्यांचाच लोकप्रतिनिधी परस्पर स्वतः घेऊन टाकतो, हा प्रसंग त्यांनी स्वातंत्र्याच्या मुहूर्तावरच घडवला आहे.

ह्या कादंबरीत भारत दोन रीतींनी येतो, आणि ह्या दोहोंतील अंतर आपल्याला अस्वस्थ करणारे आहे. किहिका आपल्या मित्रांना एकीचे सामर्थ्य समजावताना महात्मा गांधींचे आणि हिंदुस्थानच्या लढ्याचे उदाहरण देतो. म्हणजे आपला देश तेथे एक आदर्श म्हणून उपस्थित आहे. आपली माणसे मात्र केवळ बाजारपेठेतील दुकानदार म्हणून कडेला दिसतात : मोजणारी, विकणारी, गावकऱ्यांच्या सुखदुःखात नसलेली. न्गुगींच्या त्याआधीच्या ‘वीप नॉट, चाइल्ड’ (१९६४) मध्येही भारतीय व्यापारी असाच भिंतीपलीकडचा आहे. हे चित्र अपुरे आहे. १९५० साली पूर्व आफ्रिकेच्या संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी जाहीर सभेत करून अकरा वर्षे स्थानबद्धता भोगणारे मजूरपुढारी माखन सिंग, आणि गोव्याच्या मुळाचे, शिक्षणासाठी व नोकरीसाठी धारवाड-मुंबईकडे राहून गेलेले पिओ गामा पिंटो, हे त्या चित्रात नाहीत. पिंटो ह्यांना १९५४ ते १९५९ पर्यंत स्थानबद्ध ठेवले गेले आणि स्वतंत्र केनियात, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, नैरोबीत त्यांची हत्या झाली. पण कादंबरीकाराला दोष देण्यापूर्वी आपण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अपवाद कितीही तेजस्वी असले, तरी खेड्यातल्या मुलाला रोज दिसणारा भारतीय दुकानाच्या गल्ल्यामागेच बसलेला होता. साहित्य बहुधा रोज दिसणाऱ्याचीच साक्ष देते.

कादंबरीत नसलेल्या आणखी एका माणसाची आठवण मराठी वाचकाला येथे व्हायला हवी. तोही बदलून आलेला अधिकारीच होता, आणि तो आपल्या भाषेतला होता. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये भारताचे पूर्व आफ्रिकेतील पहिले कमिशनर म्हणून नैरोबीत गेले आणि १९५४ पर्यंत तेथे होते. म्हणजे आणीबाणीच्या पूर्वीची अस्वस्थ वर्षे आणि आणीबाणीची पहिली क्रूर वर्षे ही दोन्ही त्यांनी पाहिली. भारतीय रहिवाशांनी स्वतःसाठी हक्क मागत बसण्यापेक्षा आफ्रिकी लोकांच्या आकांक्षांशी आपले भवितव्य जोडावे, हे नेहरूंचे धोरण. पंतांनी ते केवळ पत्रकांपुरते ठेवले नाही. केन्याटा आणि म्बियू कोइनांगे ह्यांच्यासारख्या पुढाऱ्यांशी त्यांनी उघड मैत्री ठेवली. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या होत्या, त्या कामात त्यांचा हात होता. गांधीजींच्या स्मरणार्थ तेथील भारतीयांनी जो विद्यापीठीय निधी जमवला, तो कोणा एका जमातीचे महाविद्यालय काढण्यात न घालता सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या संस्थेत विलीन झाला. १९५६ मध्ये उघडलेल्या त्या महाविद्यालयातून पुढे नैरोबी विद्यापीठ उभे राहिले. वसाहतीच्या सरकारला हा परकीय अधिकारी डोळ्यांत सलू लागला. लंडनहून दिल्लीकडे तक्रारी गेल्या आणि १९५४ मध्ये पंतांची नैरोबीची कारकीर्द संपली.

थॉम्पसन आणि पंत ह्यांना शेजारी उभे केले म्हणजे एक प्रश्न आपोआप पुढे येतो. दोघेही ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, दोघेही ध्येयवादी, दोघेही परमुलखात सत्तेचे प्रतिनिधी म्हणून गेलेले. मग एक छावणीप्रमुख का झाला आणि दुसरा मित्र का? एक काल्पनिक आणि एक ऐतिहासिक, त्यातही एक वसाहतीचा नोकर व दुसरा स्वतंत्र देशाचा वकील, अशी ही तुलना आहे. तिच्या मर्यादा उघड आहेत. तरीही एक उत्तर मला महत्त्वाचे वाटते. पंत ज्या घरातून आले होते, त्या घराने सत्ता हातची सोडून पाहिली होती. १९३९ मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या लहानशा संस्थानाचा कारभार ग्रामपंचायतींच्या पायावर प्रजेच्या स्वाधीन केला. मॉरिस फ्रीडमन हे त्या योजनेचे एक शिल्पकार, आणि अप्पासाहेब तिचे मुख्य कार्यकर्ते. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर, म्हणजे भिंती नसलेला कैद्यांचा तुरुंग, हा त्याच काळातला प्रयोग. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ह्या चित्रपटामुळे तो सर्वांना ठाऊक झाला. थॉम्पसनला ‘आम्ही गेल्यावर ह्यांचे कसे होणार’ ही चिंता पोखरते. पंतांच्या घरी त्या चिंतेचे उत्तर अनुभवाने मिळालेले होते : राजा बाजूला झाला तरी गाव चालते. सत्ता सोडण्याचा ज्याला सराव आहे, तोच दुसऱ्याच्या मुलखात निर्भयपणे पाहुणा होऊ शकतो.

पंतांनी आपल्या आठवणी लिहिल्या. ‘अ मोमेंट इन टाइम’ (१९७४) आणि ‘अनडिप्लोमॅटिक इन्सिडेंट्स’ (१९८७) ही त्यांची पुस्तके इंग्रजीत आहेत. राजदूताने इंग्रजीत लिहावे ह्यात नवल नाही. त्याचा वाचकवर्ग जगभर पसरलेला असतो. पण त्यामुळे मराठीचे एक नुकसान झाले. केनियाचा लढा ज्या एका मराठी माणसाने इतक्या जवळून पाहिला, त्याच्या अनुभवाने मराठी गद्याची वाट धरली नाही, आणि आफ्रिका आपल्या साहित्यात बहुशः सिंह, जंगल आणि व्यापार ह्यांपुरतीच राहिली. शिवाय आत्मकथनाची एक अंगभूत मर्यादा असते. आठवणी लिहिणारा माणूस स्वतःच्या बाजूने जग पाहतो, आणि ती बाजू योग्य असली म्हणजे त्याला करांजाच्या मनात शिरण्याची गरज पडत नाही. ते काम कादंबरीचे. माडखोलकरांच्या ‘मुक्तात्मा’पासून (१९३३) मराठीत राजकीय कादंबरीची परंपरा आहे, तिच्यात ध्येयवादी तरुणाला मानाचे स्थान मिळाले. त्याच काळात ज्यांनी इमानेइतबारे इंग्रजांची दप्तरे लिहिली, जप्तीच्या याद्या तयार केल्या, सभाबंदीचे हुकूम मराठीत उतरवले, त्या हजारो नोकरदारांच्या मनात काय चालले होते, ह्याची कथा त्या तेजापुढे मागे पडली. ते बहुतेक सज्जन होते, मुलांना शिकवणारे होते, आणि रात्री चोरून ‘केसरी’ही वाचीत असतील. त्यांची कथा सांगायला मुगोसारखे, करांजासारखे पात्र लागेल. आणि ते निर्माण करण्यासाठी स्वजनांचा हिशेब मांडण्याचे धैर्य लागेल.

हा विचार भिलाईत बसून केला म्हणजे त्याला आणखी एक धार येते. ह्या मुलखाशी मराठी माणसाचा संबंध पोलाद कारखान्याबरोबर आला नाही. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत १७४१ मध्ये रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून राज्य केले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर सुभेदारांचा अंमल आला. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, तरी मध्यप्रांताची राजधानी नागपूरलाच राहिली. दुर्ग-रायपुराकडे मराठी कारकून, मास्तर, वकील येतच राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, आणि ज्या शेतांत पूर्वी धान पिकत होते तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येऊन वसली. स्वतंत्र भारतातील केंद्र सरकारचा नोकर आणि वसाहतीचा अधिकारी ह्यांची बरोबरी करणे अर्थातच अन्यायाचे होईल. येथला शेतकरी आणि येथला कारकून ह्यांचे मत एकाच पेटीत पडते. परंतु कायद्याने वसाहत संपली म्हणजे मनातली वसाहत संपतेच असे नाही. बदलीच्या गावाला ‘काळे पाणी’ म्हणणे, तेथील लोकांच्या बोलीची घरात नक्कल करून हसणे, वीस वर्षे राहूनही शेजारच्या खेड्याचे नाव माहीत नसणे, आणि गणेशोत्सवात मात्र आपल्या संस्कृतीच्या व्यापकतेवर व्याख्यान ऐकणे, ह्या सवयी आपल्या मंडळांना अपरिचित आहेत काय? थॉम्पसनच्या टिपणवहीची सुरुवात छावणीत झाली नव्हती. ‘हे लोक असेच’ ह्या दोन-तीन शब्दांनी झाली होती.

आणि ह्याच भूमीत पंतांसारखेच दुसरे उत्तरही आहे. माधवराव सप्रे घरी मराठी बोलत. इंग्रजी शिकून सरकारी नोकरीची वाट मोकळी असता त्यांनी ती धरली नाही, आणि जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्या नावातच त्यांची भूमिका आहे : ज्या मुलखात राहायचे, त्याचा मित्र व्हायचे. टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत नेले. म्हणजे आपले जे उत्तम, ते शेजाऱ्याच्या भाषेत त्याच्या हाती दिले. त्यांच्या मासिकात १९०१ मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटीशी कथा आली. एका गरीब विधवेची झोपडी जमीनदार कायद्याच्या जोरावर बळकावतो. ती फक्त टोपलीभर माती मागते, आणि ती टोपली उचलायला हात लावण्याची विनंती त्यालाच करते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचा भार पेलवत नाही, तर हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलणार, हा तिचा प्रश्न त्याच्या अंतःकरणाला भिडतो आणि तो झोपडी परत करतो. गिकुयूंच्या मातीची कथा न्गुगींनी लिहिण्याच्या साठ-पासष्ट वर्षे आधी, छत्तीसगडात, एका मराठीभाषक माणसाने भूमिहरणाचा गाभा एका टोपलीत मांडून ठेवला होता. फरक एवढाच की सप्र्यांचा जमीनदार शहाणा होतो. इतिहासातले जमीनदार एवढ्या लवकर शहाणे झाले नाहीत, म्हणून किहिकाला रानात जावे लागले.

न्गुगींच्या पुढील आयुष्याची दखल घेतल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. कादंबरीत स्वातंत्र्याच्या दिवशीच त्यांनी जी शंका पेरली, ती त्यांच्या स्वतःच्या अंगावर उगवली. १९७७ मध्ये त्यांनी कामिरीथू गावच्या शेतकरी-कामकरी लोकांबरोबर गिकुयू भाषेत नाटक उभे केले. त्या वर्षअखेरीस त्यांना खटल्यावाचून तुरुंगात टाकण्यात आले. टाकणारे सरकार इंग्रजांचे नव्हते, केन्याटांचेच होते. कामिटीच्या तुरुंगात, शौचकूपाच्या कागदावर, त्यांनी गिकुयू भाषेतील कादंबरी लिहिली. ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. तेथून पुढे त्यांनी सर्जनशील लेखनासाठी मातृभाषा धरली, आणि २८ मे २०२५ रोजी मृत्यू येईपर्यंत आफ्रिकी लेखकाने आफ्रिकी भाषेत लिहावे हा आग्रह सोडला नाही. आपण परप्रांतात मराठी मासिके चालवतो, त्यांची वर्गणी भरतो, त्यांत लिहितो; तेव्हा ह्या आग्रहाने आपल्याला आनंद होणे स्वाभाविक आहे. पण तो आनंद अर्धाच घेऊन चालणार नाही. स्वभाषेचा अभिमान न्गुगींनी सांगितला तो मुकाट झालेल्यांना बोलते करण्यासाठी. शेजारच्या भाषेकडे पाठ फिरवण्यासाठी नव्हे. मराठी जपणाऱ्याने छत्तीसगढीला ‘गावंढळ’ म्हणावे, ही न्गुगींच्या विचाराची थट्टा होय.

स्वातंत्र्याची कथा सांगणाऱ्या पुष्कळ कादंबऱ्या वाचकाला आपण विजयी बाजूचे आहोत असे समाधान देऊन निरोप देतात. ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’ ते समाधान देत नाही. ती वाचकाला रांगेत उभे करते आणि विचारते, त्या दिवसांत तू कोणत्या टेबलाशी बसला होतास आणि तुझ्या हाताखालून कोणता कागद गेला. परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसापुढे थॉम्पसन, करांजा, अप्पासाहेब पंत आणि माधवराव सप्रे असे चार नमुने आहेत. पहिले दोन एका समर्थ कादंबरीकाराने निर्माण केले, आणि त्यांच्यापासून कसे दूर राहावे हे ती कादंबरी शिकवते. उरलेल्या दोघांना अजून मराठी कादंबरीकार मिळायचा आहे. तो बहुधा पुण्या-मुंबईत सापडणार नाही. ज्याने स्वतः बदलीच्या गावात वर्षे काढली, तेथील माणसांची नावे शिकली आणि त्यांच्या मातीचे वजन एकदा तरी उचलून पाहिले, असाच कोणीतरी तो असेल. आणि ह्या मासिकाच्या वाचकांतच तो असण्याचा संभव सर्वाधिक आहे.

— भिलाई-३